इन्स्पेक्टरची पंगत

चाळीस वर्षं मी मेंढ्या कातरणाऱ्या गड्यांचा स्वयंपाक केला. कनामला गावापासून राज्याच्या दक्षिण हद्दीपर्यंत जिथे जिथे कातरणीची शेड उभी होती, तिथे तिथे माझी चूल पेटली. पहाटेचा नाश्ता, साडेनऊचा चहा-केक, दुपारचं जेवण, तीनचा चहा, संध्याकाळचं मटण. तीस तीस गडी, आणि एकेकाची भूक बैलाएवढी. आमच्यात रीत अशी, की स्वयंपाकाला कोण हे मालक ठरवत नाही, गडी ठरवतात, हात वर करून. जेवण पसंत पडलं नाही तर तिसऱ्या दिवशी तुमची वळकटी ट्रकमध्ये. माझी वळकटी एकदाही ट्रकमध्ये गेली नाही. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. बरं, फुशारकीच आहे, ऐकून घ्या.

तर अशा माझ्यापुढे ते वीतभर पिल्लू आलं, मी केलेला मटणाचा रस्सा त्याने हुंगला, पाठ फिरवली आणि टेबलाखाली जाऊन बसलं.

पिल्लू क्लॅरीने आणलं होतं. क्लॅरी समोरच्या घरात राहतो. वीस हंगाम माझ्या हातचं जेवलेला कातरणारा गडी. आता गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. गावाबाहेरच्या कचऱ्याच्या खड्ड्यावर जुनी गादी टाकायला गेला होता, तिथे डुकरांच्या शिकारीवाल्यांनी सोडून दिलेली पाच-सहा दांडगी कुत्री आणि त्यांच्यात हे एवढंसं. गावात बेवारस जनावरांसाठी बायकांचं एक मंडळ आहे, त्यात माझं नाव आहे, म्हणून त्याने खोक्यासकट ते माझ्याच ओट्यावर ठेवलं.

"ती मोठी धेंडं याला जवळ फिरकू देत नव्हती," क्लॅरी म्हणाला. "डोक्यावर उभी राहून गुरगुरायची. त्यांची तोंडं खाण्यात गुंतली की हा कडेकडेने यायचा, चार घास ओढायचा आणि धूम ठोकायचा. तासभर बघत होतो मी."

"तासभर बघत बसलास आणि मग उचललंस?" मी म्हणाले.

"गुडघे गं बाई. वाकायला वेळ लागतो."

मी त्याच्या बोलण्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. तेव्हा दिलं असतं तर पुढचे दोन आठवडे वाचले असते.

रश्शानंतर मी कलेजी दिली. हुंगलं, गेलं. अंडं दिलं. हुंगलं, गेलं. क्लॅरी खिडकीतून म्हणाला, "हा जेवायला नाही, तपासणीला आलाय." तेव्हापासून त्याचं नाव इन्स्पेक्टर.

गुरुवारी टॅम्सिन येते. ती जनावरांची डॉक्टर. उत्तरेकडून दोनशे किलोमीटर व्हॅन हाकत येते आणि मैदानामागच्या झाडाखाली उभी करते. पोर तिशीची, हुशार, आणि सात महिन्यांची गरोदर. तिने इन्स्पेक्टरला काट्यावर ठेवलं, तर तो काही स्थिर उभा राहीना.

"तुम्हीच याला घेऊन उभ्या राहा, नोलीन," ती म्हणाली. "मग याला खाली ठेवून एकट्या उभ्या राहा. वजा करू."

त्याच्यासकट पन्नास किलो नऊशे. एकटी मी अठ्ठेचाळीस दोनशे. म्हणजे इन्स्पेक्टर दोन किलो सातशे. तिने सगळे आकडे एका कार्डावर लिहून ठेवले. वजाबाकी चुकू नये म्हणून लिहिते आहे, असं मला वाटलं.

मग तिने त्याचं पोट दाबून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. बेंबीपाशी सुपारीएवढा फुगवटा होता. "आतड्याचा तुकडा बाहेर येतोय," ती म्हणाली. "एखाद्या दिवशी तिथेच अडकला तर काही तासांत संपेल हा. ऑपरेशन करायला हवं. पण एवढ्याशा वाळक्या अंगाला मी भूल देणार नाही. तीन किलो तरी हवा. आणि तीन गुरुवार आहेत आपल्या हातात. त्यानंतर मी बाळंतपणाच्या रजेवर. माझ्या जागी कोण येणार, कधी येणार, कुणालाच माहीत नाही."

"तीन किलो ना? खाण्याचं माझ्यावर सोड, पोरी."

"साधंच द्या हं. फार काही..."

ती पुढे काय म्हणाली ते मी ऐकलंच नाही. मी मनातल्या मनात मटण कापायला लागले होते.

त्या आठवड्यात मी जे केलं ते शेडमध्ये मोठ्या साहेबांची भेट असली तरी केलं नसतं. मटणाचे वडे केले. बटाट्याच्या थराखाली खिमा भाजला. कांद्याचा दाट रस्सा, डब्यातले मासे, दुधातला भात, अंड्याचं कस्टर्ड. सकाळी एक, संध्याकाळी दुसरं. तो प्रत्येक ताटाशी यायचा, एकदा ताटाकडे बघायचा, एकदा माझ्याकडे, आणि जायचा. कधी चाटलं तर चार-दोन वेळा चाटायचा, आणि तासाभराने मी जमीन पुसत असायचे.

"आम्हाला कस्टर्ड कधी केलं नाहीस," क्लॅरी म्हणाला.

"तुम्हाला कधी उपाशी बघितलं नाही."

गुरुवारी काट्यावर तो दोन किलो पाचशे भरला. दोनशे ग्रॅम कमी. त्याच्या हिरड्याही फिकट दिसत होत्या. टॅम्सिनने काय काय दिलं ते विचारलं, मी अभिमानाने सगळी यादी सांगितली, आणि ती माझ्याकडे बघतच राहिली.

"कांदा घातला होता त्यात?"

"कांद्याशिवाय रस्सा होतो का कधी?"

"नोलीन, कांदा कुत्र्याला विष आहे. रक्त नासतं. थोडाच चाटलाय म्हणून वाचलाय. आणि सात दिवसांत चौदा पदार्थ? त्याच्या आतड्याने करायचं तरी काय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्या शेडमध्ये एकच पदार्थ आठवड्यात दुसऱ्यांदा आला, की गडी पत्र्याची ताटं वाजवायला लागायचे. त्या आवाजाची धास्ती चाळीस वर्षं माझ्या पोटात होती. नवं काहीतरी हवं, रोज नवं, नाहीतर वळकटी ट्रकमध्ये. ते मी तिला कसंबसं सांगितलं.

ती हसली नाही. "हा हात वर करून मत देणार नाहीये, नोलीन. याला रोज तेच हवंय."

तिने कार्डाच्या मागे लिहून दिलं. कोंबडीचं मांस, कातडी काढून, हाडं काढून, नुसतं उकडलेलं. गिचका भात. चमचाभर लाल भोपळा. मीठ नाही, मसाला नाही, कांदा-लसूण तर नावालाही नाही. पिल्लांसाठी मिळतात ते कोरडे दाणे कोमट पाण्यात मऊ करून पहिल्या दिवशी एक चमचा मिसळायचे, मग रोज थोडे थोडे वाढवायचे, कारण नुसत्या भात-कोंबडीवर हाडं भरत नाहीत. दिवसातून चार वेळा. वीस मिनिटं ताट ठेवायचं, नाही खाल्लं तर गुमान उचलायचं. मध्ये काही नाही.

मी घरी आले आणि बाह्या सरसावल्या. कांद्याची टोपली उचलून क्लॅरीच्या दारात ठेवली. मसाल्याच्या बाटल्या वरच्या फळीवर, जिथे स्टुलाशिवाय माझा हात पोचत नाही. इन्स्पेक्टरला बजावलं, "तुझी हाडं मोजता येतायत, मेल्या. तू हट्टी असशील तर मी तुझी आजी आहे."

तुम्हाला वाटेल, उकडलेली कोंबडी करायला काय लागतं? मला विचारा. मीठ न घालता भांडं उतरवायचं म्हणजे माझा हात आपोआप बरणीकडे जायचा आणि मी तो मागे ओढायचे. पहिल्या दिवशी तेच, दुसऱ्या दिवशी तेच, पाचव्या दिवशी तेच. वासाने मलाच नको झालं. पण एकदाही बदललं नाही. ताट ठेवायचं, डाव हातात घेऊन शेजारी उभं राहायचं आणि घड्याळाकडे बघायचं, असं दिवसातून चार वेळा चाललं होतं.

तो यायचा. माझ्या बुटांकडे बघायचा. दोन घास घ्यायचा, पुन्हा बुटांकडे बघायचा आणि मागे सरायचा. वीस मिनिटं झाली की मी ताट उचलायचे. खड्ड्यावरून आलेल्या उपाशी जिवापुढून अन्न काढून घेणं मला जन्मात जमलेलं नाही. तरी काढलं.

पुढच्या गुरुवारी पोट ठीक होतं, हिरड्यांवर रंग होता, पण वजन दोन किलो सहाशे. शंभर ग्रॅम चढला होता. आणखी चारशे हवे होते, आणि आठवडा एकच उरला होता.

"अन्न आता बरोबर आहे," टॅम्सिन म्हणाली. "ते अजिबात बदलू नका. पोट साथ देतंय, मग खात का नाही? ते मला व्हॅनमधून दिसणार नाही. ते तुमच्याच घरात शोधायला हवं." कार्डावर लिहिता लिहिता तिची नजर माझ्या स्कर्टवर गेली. कमरेला मी सेफ्टी पिन लावली होती. "आणि तुम्ही नीट जेवता ना?"

"मी स्वयंपाकीण आहे गं," मी म्हणाले. ते काही उत्तर नव्हतं, पण तिने पुढे विचारलं नाही.

शुक्रवारी दुपारी क्लॅरी कांद्याची टोपली परत घेऊन आला. "एवढे कांदे मी एकटा माणूस काय करू? रस्सा कर, नाहीतर यात कोंब फुटतील." मी त्याच्यापुरता रस्सा केला, इन्स्पेक्टरपासून लांब, झाकून. क्लॅरीने बसायला खुर्ची ओढली तर टेबलावर जागाच नव्हती.

त्या टेबलाचं सांगते. मर्व्ह, म्हणजे माझा नवरा, होता तोवर आम्ही दोघं तिथे समोरासमोर बसायचो. तो जाऊन चौदा महिने झाले. शेडमध्ये स्वयंपाकी गड्यांबरोबर बसत नाही, उभा राहून वाढतो आणि उरलेलं भांडी घासताना तोंडात टाकतो. मर्व्ह गेल्यावर मी पुन्हा तशीच जेवायला लागले. मोरीपाशी उभी राहून, चहा आणि ब्रेडचा तुकडा. टेबलावर आधी शिवणाचं मशीन आलं, मग कापडं, मग मर्व्हचे शर्ट, जे कुणाला तरी द्यायचे होते आणि दिले नव्हते.

क्लॅरीने ते सगळं उचलून पलंगावर ठेवलं आणि बसला. मी इन्स्पेक्टरचं ताट जमिनीवर ठेवलं, नेहमीच्या जागी, आणि तेवढ्यात वारा सुटला म्हणून दोरीवरचे कपडे काढायला बाहेर गेले.

परत आले तेव्हा दारातूनच ऐकू आलं. क्लॅरी जेवताना आवाज करतो, वीस हंगाम करतोय, तो आवाज मी झोपेतही ओळखीन. पण त्या आवाजाखाली दुसरा एक आवाज होता. पत्र्याचं ताट फरशीवर सरकत होतं.

मी आत पाऊल टाकलं आणि ताट सरकायचं थांबलं. इन्स्पेक्टर टेबलाखाली. ताट अर्धं रिकामं.

"तुला बघून पळाला," क्लॅरी म्हणाला. "मी जेवायला लागल्यावर आला होता. चांगला मजेत खात होता."

"मी त्याला काय खाते का? मीच तर करून घालते."

"तू डोक्यावर उभी राहतेस, नोलीन. आमच्याही राहायचीस. हातात डाव, घास मोजायचीस. आमचं ठीक होतं, आम्हाला माहीत होतं तू चावत नाहीस. याच्या डोक्यावर आजवर जे उभं राहिलं त्याने याला चावलंच आहे. मी सांगितलं नव्हतं तुला त्या कुत्र्यांचं? त्यांची तोंडं खाण्यात असली की मगच याला खायला मिळायचं."

मी कपड्यांचा ढीग हातात घेऊन तशीच उभी राहिले. सांगितलं होतं त्याने. पहिल्याच दिवशी.

"बस," क्लॅरी म्हणाला.

"मी बसत नाही."

"शेड बंद होऊन अकरा वर्षं झाली, बाई. बस."

मी बसले. मर्व्हच्या समोरची माझी जी खुर्ची, तिच्यावर. मर्व्हच्या खुर्चीत क्लॅरी बसला होता, आणि मला त्याचा राग आला, आणि राग आला तरी मी उठले नाही. टेबलाखाली काहीच हललं नाही.

"नुसती बसून काय उपयोग? खा," क्लॅरी म्हणाला.

मी ब्रेडचा तुकडा मोडून उगीच हातात धरला. इन्स्पेक्टरने टेबलाखालून डोकं काढलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पुन्हा आत घेतलं. त्याला फसवता येत नव्हतं. मग मी ताट घेतलं, रस्सा वाढून घेतला आणि पहिला घास खाल्ला. मग दुसरा. चौदा महिन्यांत गरम रस्सा माझ्या पोटात गेला नव्हता हे मला तिसऱ्या घासाला कळलं. खाली ताट सरकायला लागलं. आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता जेवत राहिलो, आणि तो खालून ताट ढकलत ढकलत थेट माझ्या बुटापर्यंत आला.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "कांदा," मी क्लॅरीला म्हणाले.

"शिजलेला?" तो म्हणाला. मग शहाण्यासारखा पुढचा घास घेतला.

पुढचे सहा दिवस सोपे गेले असं समजू नका. क्लॅरी एका वेळेला येणार, आणि ताटं चार. उरलेल्या तीन वेळा मी एकटी, समोर रिकामी खुर्ची. शनिवारी सकाळी मला भूक नव्हती. मी म्हटलं, आज जाऊ दे, मोरीपाशी चहा घेते, हा आता सरावला असेल. उभी राहिले तसा तो थांबला. तोंडात घास तसाच धरून माझ्या बुटांकडे बघत राहिला. मी कप खाली ठेवला, अंडं तळलं आणि खुर्चीत जाऊन बसले.

भूक नसताना जेवायचं, रिकाम्या खुर्चीकडे बघत जेवायचं, हे मटणाच्या तीस ताटांहून अवघड काम आहे. पण हा जगायला हवा असेल तर मला जेवायलाच हवं, हा हिशेब सरळ होता. जेवले. हट्टाने जेवले. सोमवारपर्यंत त्याच्या भातात दाण्यांचे आठ चमचे झाले होते. मंगळवारी त्याने ताट चाटून माझ्याकडे पाहिलं, माझं अजून संपलं नव्हतं, तर तो बुटावर हनुवटी टेकून वाट बघत पडून राहिला. बुधवारी मी स्कर्टची पिन काढून ठेवली. ती टोचत होती म्हणून काढली, एवढंच मला तेव्हा वाटलं.

गुरुवारी क्लॅरीही व्हॅनपाशी आला, गुडघे चोळत. मी इन्स्पेक्टरला छातीशी धरून काट्यावर उभी राहिले. एक्कावन्न किलो चारशे. त्याला क्लॅरीकडे दिलं, पुन्हा उभी राहिले. टॅम्सिनने आकडा बघितला, लिहिला, आणि जरा वेळ लिहितच राहिली.

"सांग ना," मी म्हणाले.

"तीन किलो शंभर."

तिने त्याला आत नेलं आणि दार लावून घेतलं. मी आणि क्लॅरी झाडाखाली बाकावर बसलो. तास गेला, आणखी अर्धा तास गेला. क्लॅरी एकदा म्हणाला, "दांडगा आहे तो." मी म्हणाले, "गप्प बस." दार उघडलं तेव्हा टॅम्सिन कमरेवर हात ठेवून पायऱ्या उतरली, दमलेली, आणि म्हणाली, "श्वास नीट आहे. टाके बसलेत. शुद्धीवर येऊन त्याने माझ्या बुटांकडे बघितलं."

संध्याकाळी मी त्याला घरी आणलं, पाठोपाठ क्लॅरी. टॅम्सिनने ते कार्ड माझ्या हातात दिलं होतं, पुढच्या डॉक्टरला दाखवायला. मी चष्मा लावून टेबलाशी बसले आणि पहिल्यांदा ते नीट वाचलं.

चार गुरुवार, एकाखाली एक. एका बाजूला इन्स्पेक्टर: दोन सातशे, दोन पाचशे, दोन सहाशे, तीन शंभर. दुसऱ्या बाजूला मी: अठ्ठेचाळीस दोनशे, सत्तेचाळीस सहाशे, सत्तेचाळीस शंभर. आणि शेवटी अठ्ठेचाळीस तीनशे. लाल पेनाने गोल काढला होता तो याच आकड्याभोवती. त्याच्या आकड्याभोवती नव्हता. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, "दोघांनाही रोज तेच. बदलू नका."

पोरीने दोन आठवडे माझं वजन उतरताना बघितलं होतं आणि एका शब्दाने मला टोचलं नव्हतं. मी ते कार्ड क्लॅरीला दाखवलं नाही. पण मर्व्हच्या शर्टांतला एक, निळा, त्याच्या मापाचा, मी त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "घेऊन टाक." त्याने घेतला.

इन्स्पेक्टर खोक्यात सुस्त पडला होता. टॅम्सिनने दोनच चमचे द्यायला सांगितले होते. ते मी त्याच्या नाकाशी ठेवले. त्याने डोळे उघडले, ताटाकडे पाहिलं, आणि मग वर, माझ्या तोंडाकडे. मी रस्सा वाढून घेतला आणि जेवायला लागले.